गाडी वळते कशी?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मोटारगाडी या विषयावर एखाद्या इंजिनिअरने बोलावे हे रास्त. मी पडलो बी.ए., बी.एड. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. तेव्हा आज मी गाडीच्या स्प्रिंगांवर बोलणार आहे हे ऐकून माझ्या सहकाऱ्यांना हसू आले, त्यात त्यांचा दोष नाही. परंतु गेल्या दोन वर्षांत या विषयाने मला जेवढे शिकवले तेवढे बी.एड.च्या वर्षातही मी शिकलो नाही, आणि त्याला कारण आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आहे. त्याची व त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन बोलतो. नाव मात्र सांगणार नाही.

हा मुलगा दहावीला गणितात नापास झाला. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'गणितात लक्ष नाही' असा शेरा मीच लिहिला होता, कारण वर्गशिक्षक मी होतो. पुढे तो शिवाजी उद्यमनगरात एका गॅरेजात लागला. चार पैसे साठल्यावर त्याने दोन मित्रांबरोबर भागीत एक जुनी कॉन्टेसा घेतली. कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली कित्येक वर्षे उभी असलेली. पालकांपैकी पन्नाशीच्या पुढच्यांना कॉन्टेसा आठवत असेल. हिंदुस्थान मोटर्सने ती 1984 साली बाजारात आणली आणि 2002 साली बंद केली. विलायतेतल्या व्हॉक्सहॉल गाडीवरून घेतलेला सांगाडा, लांबलचक बॉनेट, चालणारी चाके मागची. सुरुवातीला तिच्यात अँबेसेडरचेच 1489 सीसीचे इंजिन होते, पुढे इसुझूचे 1.8 लिटरचे आले. अमेरिकेत 1964 च्या पाँटियाक जीटीओपासून ज्या दांडग्या, आडदांड गाड्यांना 'मसल कार' म्हणू लागले, तिचा आपल्याकडचा गरिबाघरचा अवतार म्हणजे ही कॉन्टेसा. ताकद बेताचीच, पण रुबाब तोच!

पोरांना या गाडीने ऑटोक्रॉस करायचे होते. ऑटोक्रॉस म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे, कारण पालकांच्या मनात 'रेस' हा शब्द आला की महामार्गावरची जीवघेणी चढाओढ उभी राहते. ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी धावते. बंदिस्त मैदानात प्लॅस्टिकचे कोन मांडून वेडावाकडा मार्ग आखतात आणि घड्याळाविरुद्ध गाडी हाकायची असते. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. वेग फारसा नसतो. वळणे मात्र एकामागून एक असतात. इंजिनाच्या ताकदीला इथे फारशी किंमत नाही. गाडी वळते कशी, यालाच सगळी किंमत.

कोल्हापूरला हा शौक नवा नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक 2018 साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत उतरला होता. ती कार्टिंगची छोटी गाडी कधी जवळून पाहा. तिला स्प्रिंगच नसते! तिची लोखंडी चौकट जी थोडीशी पिळली जाते, तेच तिचे स्प्रिंग. पण ती बसते गुळगुळीत ट्रॅकवर. बाराशे किलोच्या कॉन्टेसाला तो न्याय लावता येत नाही.

आमच्या या पोरांनी नेमका तोच न्याय लावला. गाडी खाली बसली आणि कडक झाली की शर्यतीची होते, असा एक समज गॅरेजागॅरेजांत आहे. त्यांनी गॅस कटरने चारही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापून टाकले. गाडी दिसायला झकास झाली. मैदान मिळेपर्यंत धीर कुठला धरवतो? एका रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला गेले. एका वळणावर मागचे चाक खड्ड्यात उतरले, आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून निसटली आणि गाडी आडवी होऊन कडेच्या झाडाला घासत थांबली. समोरून कोणी येत नव्हते. मुलाचा हात मोडला, एवढ्यावर निभावले.

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. ते शिंपीकाम करतात. ऑफिसच्या बाकावर बसून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सर, तुमचं ऐकंल तो. गाडी विकाय लावा की त्याला." मी हो म्हणालो आणि त्याच संध्याकाळी मुलाला भेटायला गेलो. हात गळ्यात अडकवून तो बसला होता. मी उपदेशाला तोंड उघडणार तेवढ्यात त्यानेच विचारले, "सर, दोनच वेढं कापलं, तर गाडी एवढी कशी बिघडली?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. पण आमचे अब्बा ट्रकचे पाटे दुरुस्त करायचे, त्यामुळे प्रश्न ओळखीचा होता. 'पाटा बसला', 'पाटा तुटला' हे शब्द ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पोलाद लाल होईपर्यंत तापवायचे, तेलात बुडवायचे, मग मध्यम आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, तेव्हा कुठे त्याला वाकून परत यायची सवय लागते. अशा पोलादावर गॅस कटर चालवणे म्हणजे ती सवयच मोडून टाकणे, हे अब्बांनी मला शाळेत जायच्या आधी सांगितले होते. बाकीचे मी आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे जाऊन बसून शिकलो. विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे गणित ऐका. पालकांनीही ऐकावे, कठीण नाही.

स्प्रिंग किती कडक, हे तिच्या वेढ्यांच्या संख्येवर व्यस्त प्रमाणात अवलंबून असते. आठ चालते वेढे असतील आणि दोन कापले, तर कडकपणा आठ भागिले सहा, म्हणजे एक तृतीयांशाने वाढतो. वेढे कापून जेवढा कडकपणा मिळाला, त्याहून जास्त उंची गेली. त्यामुळे गाडी खड्ड्यात गेली की खाली आपटते आणि चाक लोंबले की स्प्रिंग सैल होऊन निसटते. दोन्हीकडून नुकसान. तेच काम तारेच्या जाडीने करून पाहा. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. तार 12 मिलिमीटरची 13 केली, एकच मिलिमीटर, तर तेराचा चौथा घात 28,561 आणि बाराचा 20,736, भागाकार 1.38. अडतीस टक्के वाढ, आणि उंची पाहिजे तेवढी ठेवता येते. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा तो दहावीला नापास झालेला मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, रॉडचं पण असंच असणार." होय, असेच असते. दोन बाजूंच्या चाकांना जोडणारा जो स्टॅबिलायझर रॉड असतो, तो 20 चा 22 मिलिमीटर केला की सेहेचाळीस टक्क्यांनी कडक होतो. चौथा घात त्याला मी वर्षभर शिकवूनही कळला नसता. इथे तो त्याने स्वतःच ओळखला.

आता मूळ प्रश्न, गाडी वळते कशी? ती वळते टायरच्या पकडीवर, आणि ती पकड म्हणजे प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढी जागा. वळताना गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. गाडी 1200 किलोची, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, डाव्या-उजव्या चाकांत अंतर 1.4 मीटर असे धरा. गुरुत्वाच्या आठ दशांश जोराने ती वळली, तर 1200 गुणिले 0.8 गुणिले 0.5 भागिले 1.4, म्हणजे जवळजवळ 340 किलो आतल्या बाजूचे उचलून बाहेरच्या बाजूला जातात. सरळ जाताना दोन्ही बाजूंना सहाशे-सहाशे होते. वळताना बाहेर 940 आणि आत 260. वाईट गोष्ट अशी की टायरवर दुप्पट भार दिला म्हणून पकड दुप्पट होत नाही. थोडी कमीच होते. म्हणजे बाहेरच्या चाकांनी जेवढे कमावले त्याहून जास्त आतल्या चाकांनी गमावले.

आणि या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच आला नाही, हे लक्षात आले का? वजन, उंची आणि रुंदी, एवढेच आहे त्यात. स्प्रिंग दगडासारखी केली तरी ते 340 किलो पलीकडे जाणारच. स्प्रिंग आणि रॉड दोनच गोष्टी ठरवतात. गाडी किती कलंडेल ही एक, आणि त्या 340 पैकी पुढच्या जोडीने किती सोसायचे व मागच्या जोडीने किती, ही दुसरी. पुढची जोडी जास्त सोसते तेव्हा गाडीचे नाक वळणाबाहेर जाते. मागची सोसते तेव्हा शेपूट बाहेर येते. शेपूट बाहेर येणे सिनेमात छान दिसते, पण घड्याळाला ते आवडत नाही.

हे सगळे माहीत झाल्यावरही मुलांची एक चूक झालीच. नाक बाहेर जाते म्हणून त्यांनी मागे जाड रॉड बसवला. पुस्तकाप्रमाणे ते बरोबर. परंतु कॉन्टेसाचा मागचा ॲक्सल अखंड, आणि इंजिनाची ताकद जाते मागेच. जाड रॉडने आतले मागचे चाक जमिनीवरून उचलल्यासारखे हलके झाले आणि जागेवर फिरू लागले. वळणातून बाहेर पडताना गाडी नुसती धूर काढी. शेवटी मागचा रॉड काढून टाकला आणि पुढचा जाड केला. आता पुस्तकाप्रमाणे नाक आणखी बाहेर जायला हवे होते. तसे झाले नाही! कारण गाडी कमी कलंडू लागल्याने पुढचे टायर कडेवर न टेकता सपाट टेकू लागले, आणि त्यात जी पकड मिळाली ती गमावलेल्या पकडीपेक्षा जास्त होती. हे कोडे सुटायला आम्हाला दोन महिने लागले.

अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांनाही ही कोडी चुकली नाहीत. 1967 साली शेवरलेची कॅमेरो आली तेव्हा तिला मागे एकेक पाट्याच्या स्प्रिंगा होत्या. जोरात गाडी सोडली की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकायचा आणि मागची चाके टणटण उड्या मारायची. दुसऱ्या वर्षी त्यांनी मागचे दोन शॉकअप एक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असे बसवले आणि ताकदवान गाड्यांना अनेक पाट्यांची स्प्रिंग दिली. त्याच कॅमेरोवर मार्क डोनोह्यू याने 1968 आणि 1969 अशी लागोपाठ दोन वर्षे ट्रान्स-ॲम शर्यतींत बाजी मारली. हा डोनोह्यू शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर होता. शर्यतीच्या आधी तो गाडी एका मोठ्या वर्तुळात गोल गोल फिरवून घड्याळ लावून बसे. एक बदल करायचा, फिरवायची, वेळ लिहायची.

ती युक्ती आम्ही उचलली, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपात खरी कामाची तीच. मालकाची परवानगी घेऊन एका कारखान्याच्या बंद आवारातील सिमेंटच्या जागेवर, सुटीच्या दिवशी, दोरी आणि खडूने 15 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले. गाडी तिथवर टेम्पोवर लादून नेली. डोक्याला हेल्मेट, पट्टा बांधलेला, बॅटरी घट्ट आवळलेली, आत सुटी वस्तू एकही नाही, एवढे पाहूनच पोर गाडीत बसायचा. एका फेरीला लागलेला वेळ मोजला की पकडीचा हिशेब निघतो. चार गुणिले पायचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले वेळेचा वर्ग. आमच्या वर्तुळासाठी तो 592 भागिले वेळेचा वर्ग एवढा सोपा होतो. पहिल्या दिवशी फेरीला 9.4 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला सेकंदागणिक 6.7 मीटर, गुरुत्वाचे 0.68. वेग ताशी जेमतेम छत्तीस किलोमीटर! एवढ्या वेगात गाडीच्या मर्यादा कळतात, हे मुलांना खरेच वाटेना. त्यासाठी पन्हाळ्याचा घाट लागत नाही.

मग एकेक बदल. सुरुवात अगदी स्वस्त गोष्टींपासून केली. जुने कुजलेले रबरी बुश बदलले, कारण बुश सैल असतील तर बाकीचे सगळे मोजमाप खोटे. टायरच्या कडेला खडू फासून गाडी फिरवली. खडू किती आतपर्यंत पुसला जातो ते पाहून हवा कमी-जास्त केली. केवळ हवेने फेरीत दोन दशांश सेकंद वाचले, खर्च शून्य. मग अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन पुढची चाके वरून दीड अंश आत झुकवली, म्हणजे गाडी कलंडली की ती सरळ उभी राहतात. त्यानंतर नव्या शॉकअपची जोडी. लोक स्प्रिंगला महत्त्व देतात, पण स्प्रिंग नुसती ताकद साठवते आणि परत देते. तिचे उसळणे मारून त्याची उष्णता करून टाकणारा तो शॉकअप. तो मेलेला असेल तर चाक जमिनीवर टिकतच नाही. आणि सर्वांत शेवटी स्प्रिंगा, बाहेरून नव्याने वळवून घेतलेल्या.

स्प्रिंग किती कडक घ्यावी याची एक खूण विद्यार्थ्यांना सांगून ठेवतो. गाडीच्या वजनाने स्प्रिंग 25 सेंटीमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला एकदा झुलते. सव्वासहा सेंटीमीटर दबत असेल, तर दोनदा. म्हणजे झुलणे दुप्पट करायला कडकपणा चौपट लागतो. घरगुती गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, ते अंगाला सुखाचे वाटते. शर्यतीला त्याहून जास्त पाहिजे. परंतु आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या मैदानात होते, डांबरावर नव्हे. मातीत खाचखळगे असतात. तिथे फार कडक गाडी उड्या मारते, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली? म्हणून आमच्या मुलांनी अमेरिकन मासिकांतले आकडे बाजूला ठेवून बऱ्याच मऊ स्प्रिंगा घेतल्या. तो निर्णय त्यांचा. मला तर कडकच बऱ्या वाटत होत्या.

पालकांना कायद्याचीही दोन वाक्ये सांगितली पाहिजेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे रस्त्यावरच्या गाडीत कारखान्याच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम 189 खाली गुन्हा आहे. म्हणूनच ही कॉन्टेसा आता रस्त्यावर उतरत नाही. आवारापर्यंत टेम्पोवर जाते नि टेम्पोवरच येते. टेम्पोचे भाडे पोरांना जड जाते. त्यांनी कुरकुर केली, तेव्हा त्या मोडलेल्या हाताकडे मी नुसते बोट दाखवले.

त्याच्या वडिलांना दिलेला शब्द मी पाळला नाही, हे इथे कबूल करतो. गाडी विकली गेली नाही. मी त्यांच्या दुकानी जाऊन तसे सांगितले, तेव्हा ते रागावले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तो राग रास्तच होता. मुलगा त्यांचा, मी कोण ठरवणार? मी एवढेच म्हणालो, "चाचा, एकदा येऊन बघा, मग तुम्ही म्हणाल तसं." ते आले ते गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत. चारी मडगार्डपासून जमिनीपर्यंत उंची सारखी आहे का हे मुले लाकडी पट्टीने मोजत होती आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता. त्यांनी थोडा वेळ पाहिले, खिशातली मापाची टेप काढली आणि चारी ठिकाणी स्वतः माप घेतले. मागची डावी बाजू पाऊण सेंटीमीटर खाली निघाली. मुलगा म्हणाला, "अब्बा, ती तिकडचीच स्प्रिंग बसलीय." "मग उसव आणि परत बसव," ते म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी फेरीला 8.8 सेकंद लागले, गुरुत्वाचे 0.78. वही मुलाच्या हातची आहे, प्रत्येक बदलाची तारीख, हवा, वेळ आणि भागाकार तिच्यात लिहिलेला आहे. दहावीच्या गणिताचा पेपर तो या वर्षी पुन्हा देतो आहे, खाजगी फॉर्म भरून. कसा जातो ते पाहू. ती वही सध्या आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे प्रयोगशाळेत आहे. ज्या विद्यार्थ्यांना पाहायची असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे. गाडी पाहायची असेल तर मात्र पालकांना बरोबर घेऊन यावे, ही आमची अट आहे.